वहिनी म्हणजे कोण

माझ्या थोरल्या मुलाला मी जन्मात एकदाच मारलं. तो तेव्हा तीन वर्षांचा असेल. माझे दोन धाकटे दीर दिवसभर मला 'वहिनी, वहिनी' करत, आणि पोर घरात जे ऐकतं तेच बोलतं. एके दिवशी ओटीवरून त्यानंही हाक मारली, 'वहिनी, पाणी!' घरातले सगळे कौतुकानं हसले. मी चुलीपुढून उठले आणि त्याच्या गालावर बोटं उमटतील अशी चापट दिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं काय झालं? आपल्याकडे निम्मी पोरं आईला वहिनीच म्हणतात." हे काय मला ठाऊक नव्हतं? ते साऱ्या ठाण्याला ठाऊक होतं, कल्याणला ठाऊक होतं. ज्या एका माणसाला ठाऊक नव्हतं त्याच्या हातात माझा निकाल होता, आणि ज्याला पक्कं ठाऊक होतं तो त्याच्या शेजारी दौत-टाक घेऊन बसला होता. सासूबाईंना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. ते आता देते आहे, त्या नाहीत तेव्हा.

आम्ही कल्याणचे. पारनाक्याजवळ आमचं घर, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे भाताची कोठारं. माझे वडील भावांत थोरले, त्यांच्या पाठचे तात्या, आणि सगळ्यांत धाकटे अण्णाकाका. तात्या-अण्णा आमच्या आईला वहिनी म्हणत, म्हणून मी आणि माझा भाऊ बाळ, आम्हीही तिला वहिनीच म्हणायचो. त्यात काही विचार नव्हता. पहाटे उखळात मुसळ पडायला लागलं की मला जाग यायची. दोन मुसळांचे दोन आवाज. वहिनीचा घाव बसका आणि सारखा, काकूचा चुकार. काकू म्हणजे तात्यांची बायको. तिला मूल नव्हतं, आणि त्याचा राग ती भातावर काढायची, भांड्यांवर काढायची, आणि हाताशी सापडले तर आमच्यावर. कण्यांच्या पेजेत वहिनी मेतकूट कालवायची आणि वर लिंबाच्या लोणच्याचा खार सोडायची. त्या पेजेची चव माझ्या जिभेवर अजून आहे. माझ्या सुनांना ती कधी जमली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

वडील तापानं गेले तेव्हा मी सात वर्षांची, बाळ तिसऱ्यात. वहिनीचं वय बावीस-तेवीस. वर्षश्राद्ध झालं आणि तात्यांनी न्हावी ठरवला. वर्षभर लोकांनी वाट पाहिली, आता केस उतरवलेच पाहिजेत, असं ते ओटीवर चार माणसांत मोठ्यानं बोलले. वहिनीनं एवढंच म्हटलं की, त्याआधी चार दिवस ठाण्याला भावाकडे जाऊन येते. तात्यांनी जाऊ दिलं. आम्हां दोघांना घेऊन ती आगगाडीत बसली आणि परत कल्याणला आलीच नाही. भावाचे एक मित्र ठाण्याच्या शाळेत मास्तर होते, एकटे, सुधारक मताचे. त्यांच्याशी तिनं लग्न केलं. मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. एका सकाळी ती कपाळाला कुंकू लावून माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "द्वारके, आता आपण इथंच राहायचं."

तेव्हा मला काय वाटलं ते लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. मला तिची लाज वाटली. तिचा रागही आला, आणि ते कुंकू माझ्या डोळ्यांत खुपू लागलं. तलावाच्या अलीकडे मास्तरांच्या दोन खोल्या होत्या. शेजारच्या पोरी मला खेळायला घेत नसत. त्यांच्या आया आमच्या दारावरून जाताना लुगडं सावरून जात. मास्तर मला पाटीवर बाराखडी शिकवायचे आणि गंमत म्हणून चार इंग्रजी शब्द. ते कधी ओरडले नाहीत, त्याचाही मला रागच यायचा. आणि वहिनी एक दिवस आम्हांला जवळ घेऊन म्हणाली, "इथं मला दीर नाही, जाऊ नाही. मी आता कुणाची वहिनी नाही. मला आई म्हणा." बाळनं दोन दिवसांत 'आई' उचललं. मी म्हटलं, "तू वहिनीच आहेस."

"कुणाची गं?"

"अण्णाकाकांची."

ती सुपातले तांदूळ निवडत बसली. तीन महिने मी तिला एकदाही आई म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली की जवळ जाऊन पदर ओढायची. बाळकुमहून एक म्हातारी आगरीण डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आमच्याकडे यायची. आमच्याकडचं पाणी तीच एक बाई बिनघोर प्यायची. तिच्या ते ध्यानात आलं. वालाच्या शेंगा मोजता मोजता ती मला म्हणाली, "काय गो पोरी, आयला आय म्हनाला तुजे जिभंला काटा टोचतंय का?" वहिनी हसली आणि म्हणाली, "असू दे, म्हणेल." मी म्हणणार होते. रोज झोपताना ठरवायची, उद्या म्हणू. राग धरून बसलं की सोडायचा कसा हे पोराला कळत नाही. मला तर म्हातारपणीही नीटसं कळलेलं नाही.

एके दुपारी वहिनी धुणं घेऊन तलावावर गेली होती, मास्तर शाळेत. दारात तात्या उभे. हातात बत्ताशांची पुडी. म्हणाले, "अण्णा आजारी आहे, तुमची आठवण काढतो. चला, भेटून येऊ." त्यांनी आम्हांला पळवलं असं पुढं मास्तरांच्या अर्जात होतं. खरं असं की बाळच्या अंगात सदरा मी चढवला, त्याचं बोट मी धरलं, आणि तात्यांच्या पुढं पुढं मीच चालत स्टेशनावर गेले. बाळकुमची म्हातारी वाटेत भेटली. "कुठं नेतंस रं पोरांना? आयला इचारलंस का?" असं ती ओरडत मागं धावली, पण तिच्या डोक्यावर पाटी होती. अण्णाकाका ठणठणीत होते.

कल्याणला पोचल्याबरोबर आम्हांला अंगणात उभं करून डोक्यावरून घागरी ओतल्या आणि पंचगव्य पाजलं. बाळ ओकला. दुसऱ्या दिवशी तात्यांनी भटजी बोलावून वहिनीच्या नावानं मातीचा घट पायानं फोडला. म्हणजे ती मेली. जिवंत माणसाचा असा घट फोडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यामुळे खापऱ्या गोळा करायला वाकले. काकूनं माझा हात झिडकारला आणि म्हणाली, "शिवू नकोस ते! या घरात आता वहिनी एकच. कळलं?" अण्णाकाका तिला पूर्वी धाकटी वहिनी म्हणायचे. त्या दिवसापासून त्यांनी नुसतं वहिनी म्हणायला सुरुवात केली. मी काकूच म्हणत राहिले. एवढी अक्कल मला होती.

उखळाचा आता एकच आवाज यायचा. पहिल्या आठवड्यातच माझा ठाण्याचा राग उतरला. काकूला बाळ हवा होता. त्याला ती मांडीवर घेऊन साखरभात भरवायची आणि मला म्हणायची, "तू बघत काय उभी राहिलीस? आईवर गेलीस अगदी, डोळे तेच." कायदा असा होता की विधवेनं पुन्हा लग्न केलं तर नवऱ्याकडच्या पुरुषांना कोर्टात जाऊन मुलांचा ताबा मागता येई. तात्यांनी ठाण्याच्या कोर्टात तो मागितला. तिकडून मास्तरांनी वहिनीच्या वतीनं अर्ज केला की पोरं आईची आहेत, परत द्या. माझी एक नात आता वकिलीची परीक्षा देणार आहे. ती म्हणते, आजी, त्या कायद्यानं लग्नाची मोकळीक दिली आणि पोरांची किंमत लावली. पोरगी हुशार आहे. मला एवढंच ठाऊक होतं की गोरा साहेब मला स्वतः विचारणार आहे, तुला कुणाकडे राहायचं.

चार दिवस काकूनं माझी तालीम घेतली. "साहेबानं विचारलं की काय सांगायचं?"

"काकूकडे राहायचंय."

"पुन्हा सांग."

"काकूकडे राहायचंय." मी पोपटासारखी म्हणायची. मनात माझं निराळंच चाललं होतं. कोर्टाच्या दिवशी तिनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे वर ओढले गेले. गाडीत तात्या समोर बसले होते, मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी ओठ हलवून घोकून पाहिलं. आई म्हणावं का, हेही मनात आलं. पण मी ठरवलं, तो शब्द पहिल्यांदा तिच्याच समोर म्हणायचा. मी तो तीन महिने दाबून ठेवला होता, कल्याणला चार महिने उराशी धरला होता. साहेबाला तो कशाला फुकट द्यायचा? साहेबाला सांगायला वहिनी पुरे.

कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली ती मास्तरांबरोबर उभी होती. वाळली होती. तिनं हात वर केला. तात्यांनी मला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला वळवलं. साहेब भला माणूस असावा. पोर भिऊ नये म्हणून त्यानं मला आपल्या खोलीत बोलावलं आणि दोन्ही पक्षांना बाहेर ठेवलं. खोलीत तो, मी, आणि दुभाषाचं काम करायला शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचा मोठा कारकून. लाल पागोटं, कपाळाला गंध, हातात तपकिरीची डबी. त्याला पाहून मला बरं वाटलं, आपला माणूस आहे म्हणून. तो मला म्हणाला, "हे बघ मुली, विचारतील तेवढंच सांगायचं. जास्त बोलायचं नाही."

साहेबानं इंग्रजीत विचारलं, शिरस्तेदारानं मराठीत. "तुला कुणाकडे राहायचंय?"

"मला वहिनीकडे जायचंय," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, पाठ केलेलं असल्यासारखं.

साहेबानं तो शब्द स्वतःशी म्हणून पाहिला, 'वायनी', आणि शिरस्तेदाराला काहीतरी विचारलं. शिरस्तेदारानं आधी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आजही दिसतं. त्यात गोंधळ नव्हता. त्याला सगळं कळलं होतं. मग तो साहेबाकडे वळून दोन-तीन शब्द बोलला आणि मला म्हणाला, "कल्याणच्या घरात वहिनी आहे ना?"

"आहे. अण्णाकाका काकूला वहिनी म्हणतात, पण मी..."

"विचारलं तेवढंच," तो म्हणाला, आणि साहेबाला म्हणाला, "येस." मास्तरांनी शिकवलेल्या चार शब्दांतला तो एक. हो म्हणजे येस. मला वाटलं, झालं, साहेबाला कळलं. साहेबानं मान डोलावून लिहून घेतलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला बाहेर सोडलं. पिंपळाखाली वहिनी टाचा उंचावून बघत होती. तात्यांनी मला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही, पण मी लांबून तिच्याकडे बघून हसले, अगदी तोंडभर. गड जिंकून आल्यासारखी हसले.

काही दिवसांनी तात्या ठाण्याहून पेढे घेऊन आले. निकाल आमच्या बाजूनं लागला म्हणाले. "आणि कुणाच्या तोंडून लागला? या पोरीच्या! स्वतःच्या तोंडानं म्हणाली, काकूकडे राहायचं." मी ओरडले, "खोटं! मी वहिनीकडे म्हटलं!" काकू म्हणाली, "मग मीच नव्हे का वहिनी?" आणि हसत सुटली. मी तिच्या हातावरचा पेढा उडवला. तात्यांनी मला विहिरीपर्यंत ओढत नेऊन मारलं. तरी मला वाटत राहिलं की तात्या फुशारकी मारताहेत, साहेबानं माझं ऐकलं नाही एवढंच. वहिनीला मात्र मी काय म्हटलं ते कळलं असणार. मोठ्या माणसांना सगळं कळतं, कोर्टात सगळं लिहून ठेवतात. या एका समजुतीवर मी त्या घरात दिवस काढले.

बाळ वर्षभरात काकूला आई म्हणू लागला. त्याला दोष देत नाही. पण आमचं पुढं कधी जमलं नाही, आजही जमत नाही. मी अकरा वर्षांची असताना वहिनी बाळंतपणात गेली. बातमी आली तेव्हा तात्या जेवत होते. म्हणाले, "ती मेली तेव्हाच मेली. आता सुतक कसलं?" आणि ताकभात संपवून उठले. मी कळशी विहिरीत सोडली, पाणी ओढलं आणि लुगड्यानिशी अंगावर ओतून घेतलं. काकूनं विचारलं, हे काय? पाय घसरला म्हटलं.

त्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि सासर नेमकं ठाण्याचं मिळालं. निघताना काकूनं कानात सांगितलं, "तिथं त्या मास्तरड्याच्या घराकडे पाऊल टाकायचं नाही. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. सासरी कळलं तर हाकलून देतील." सासरी माझं नाव बदललं, द्वारकेची मी रमा झाले. कोर्टातली ती पोर मीच, हे आळीत कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळेच पुढचं सगळं कळलं.

मी सतराव्यात असेन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीतल्याच एका घरी गेले होते. तिथं एक जाडजूड, हसरी बाई गोष्टी सांगत बसली होती. तिचे वडील कोर्टात शिरस्तेदार होते, नुकतेच वारले होते. "फार हुशार हो आमचे बाबा," ती म्हणाली. "एका बयेनं पुनर्विवाह केलेला, आणि पोरं मागत होती. साहेबानं पोरीला विचारलं, कुणाकडे राहणार? ती म्हणाली, वहिनीकडे. बाबांनी लगेच ओळखलं, पोर आईकडे म्हणतेय. पण साहेबाला सांगितलं, वहिनी म्हणजे चुलत्याची बायको! एका शब्दात दोन पोरं धर्मात राखली म्हणायचे. ही गोष्ट निघाली की आमची वहिनी पदर तोंडाला लावून हसायची."

बायका हसल्या. मी विचारलं, "वहिनी म्हणजे तुमच्या भावाची बायको का हो?"

"इश्श! आमची आई हो!"

ती पुढं येऊन माझ्या हातावर तिळगूळ ठेवू लागली, गोड बोला म्हणाली. मी हात मागं घेतला. तिळगूळ जाजमावर पडला. मी एकटीच उठून बाहेर पडले. लोक काय म्हणाले ते मला चार दिवस ऐकावं लागलं, ते मी ऐकलं. त्या बाईशी मी पुढं जन्मात बोलले नाही. तिचा काय दोष, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. तिच्या बापाला मी क्षमा केलेली नाही, आणि त्या खोलीच्या दाराशी उभे असलेले पट्टेवाले, कारकून, वकील, ज्यांच्या घरी पोरं आईला वहिनी म्हणत होती आणि ज्यांतल्या एकानंही साहेबाला चार शब्द सांगितले नाहीत, त्यांनाही केलेली नाही.

तिथून मी तलावाकडे वळले. मास्तर त्याच दोन खोल्यांत होते. केस पिकले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी उंबऱ्यातच उभी राहून धडाधडा सगळं सांगितलं. मी काय म्हटलं, त्यानं काय सांगितलं. "मी वहिनी म्हटलं होतं मास्तर. तिलाच म्हटलं होतं." मास्तर आत गेले आणि फडक्यात बांधलेला एक कागद घेऊन आले. निकालाची नक्कल. इंग्रजीत होती. म्हणाले, "यात लिहिलंय, मुलीनं चुलत्याच्या बायकोजवळ राहण्याची इच्छा दाखवली. हे मी तिला दोनदा वाचून दाखवलं. तिला खरं वाटेना."

"मग?"

"मग म्हणाली, खरंच असेल. हसत बाहेर आली ना पोर, मी पाहिलं. रुसलीच होती माझ्यावर, तीन महिन्यांत एकदा आई म्हणाली नाही." मास्तरांनी कागद पुन्हा फडक्यात बांधला. "शेवटच्या दुखण्यातही म्हणायची, द्वारकीवर माझा राग नाही. काकूकडे सुखात आहे ना, असू दे."

मला तिची क्षमा नको होती. मी काही केलंच नव्हतं. हे आता कुणाला सांगायचं होतं? मी चौकटीला धरून रडले, आणि मास्तर जुन्या पद्धतीनं, दारात आलेल्या माणसाला देतात तसं, पितळेच्या वाटीत गुळाचा खडा आणि तांब्या-भांडं घेऊन आले. ते भांडं वहिनीचं होतं, कल्याणहून येताना ती घेऊन आलेली. काठावरचा पोचा मी ओळखला. मास्तरांनी पाणी ओतून माझ्यापुढं धरलं. घसा कोरडा पडला होता. मी भांड्याकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी बघतं आहे का ते पाहिलं, आणि नको म्हटलं.